जागरण-गोंधळाच्या वर्गासाठी घराण्यांच्या फाउंडेशनकडून अनुदान मिळतं का, आणि कसं मागायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जागरण-गोंधळाची पार्टी आहे, सुपाऱ्या पुणे आणि पुरंदर भागात असतात, आता पोरांना संबळ, दिमडी, तुणतुणं आणि आख्यानं शिकवायचा वर्ग काढायचाय. मोठ्या उद्योजक घराण्यांची फाउंडेशनं पारंपरिक कलांना पैसे देतात असं कानावर आलंय. ती कुठली, अर्ज कसा करायचा, आणि पार्टीची नोंदणी नाही तर चालेल का?

मी पुण्यातल्या अशाच एका घराण्याच्या ट्रस्टमध्ये, आलेले अर्ज वाचून विश्वस्तांसाठी टिपणं काढायचं काम बरीच वर्षं केलं. हल्ली छोट्या कलासंस्थांचे कागद आणि अर्ज बघते. तेव्हा जे सांगते ते तिथलं आहे.

पैसे मिळतात. मात्र कलेवर दया येऊन कुणी देत नाही. ठरावीक काम आणि ते करणारी खात्रीची माणसं दिसली की देतात. आणि घराण्याचं फाउंडेशन म्हणजे सरकारी खातं नव्हे. तिथे जाहिरात निघेल, पात्रतेचे निकष लागतील, तुमचा नंबर लागेल असं काही होत नाही. चार-पाच विश्वस्त असतात, त्यातले बहुतेक घरातले, एखादे जुने सीए. आजीला कीर्तन आवडायचं म्हणून कीर्तनाला देतात, सुनेने लहान मुलांच्या शिक्षणात काम केलंय म्हणून शाळांना देतात. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पैसा त्यांचा आहे. पण त्यामुळे 'आमची कला किती थोर' हे पटवण्यापेक्षा 'या घराला आधीपासून कशात रस आहे' हे शोधणं जास्त कामाचं ठरतं.

आधी एक उलगडून सांगते, कारण इथे सगळे गोंधळतात. 'अमुक घराण्याचं फाउंडेशन' असं आपण म्हणतो तेव्हा त्यामागे तीन वेगवेगळे खिसे असतात, आणि प्रत्येकाचे कागद वेगळे.

पहिला खिसा कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. कशावर खर्चायचे याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि 'पारंपरिक कला व हस्तकला यांचा विकास' त्या यादीत नावासकट आहे. हे अर्जात लिहायला विसरू नका, वाचणाऱ्याचं निम्मं काम होतं. पण सीएसआरचे पैसे घ्यायला तुमची संस्था कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदलेली हवी, आणि बाहेरच्या संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाची पूर्वपीठिका लागते. म्हणजे आज तरी हा खिसा तुमच्यासाठी बंद.

दुसरा खिसा घराण्याच्या ट्रस्टचा. खरं फाउंडेशन हेच. त्याच्या आतला हिशेब समजून घेतलात तर मागायचं काय आणि कधी, दोन्ही कळेल. अशा ट्रस्टला आयकरातली सवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५ टक्के आपल्या उद्दिष्टांवर खर्च झालेले दाखवावे लागतात, नाहीतर कारण रीतसर कळवून रक्कम पुढे ओढावी लागते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत सीए विश्वस्तांना फोन करून सांगतात की अजून इतके खर्चायचे राहिलेत. त्या सुमाराला ज्यांचा छोटा, स्वच्छ, लगेच सुरू होईल असा प्रस्ताव फाईलमध्ये आधीपासून पडलेला असतो, त्यांचं काम होतं. म्हणून ओळख पावसाळ्यात करून घ्या, प्रस्ताव दिवाळीच्या आसपास द्या. मार्चमध्ये धावत गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू'.

याच हिशेबातून आणखी दोन गोष्टी निघतात. एक, कायम ठेव म्हणून, म्हणजे कॉर्पस म्हणून, कधीही मागू नका. एका ट्रस्टने आपल्या उत्पन्नातून दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला कॉर्पस दिला तर तो २०१७ च्या बदलानंतर खर्चात धरला जात नाही. 'व्याजावर वर्ग चालेल' ही कल्पना कितीही गोड असली तरी सीए तिथेच फुली मारतो. दुसरी, २०२३ च्या वित्त कायद्यापासून एका ट्रस्टने दुसऱ्याला १०० रुपये दिले तर ८५च खर्च म्हणून मोजले जातात. त्यामुळे काही फाउंडेशनांना संस्थेच्या खात्यात पैसे टाकण्यापेक्षा वाद्यांचं बिल स्वतः भरणं, शिकवणाऱ्याला स्वतःच मानधन देणं, मुलांना विद्यावेतन देणं बरं वाटतं. तुमच्यासारख्या नोंदणी नसलेल्या पार्टीला हे फार सोयीचं आहे. 'आम्हाला पैसे द्या' म्हणण्याऐवजी 'या दोन शिकवणाऱ्यांचं दहा महिन्यांचं मानधन तुम्ही थेट द्याल का' असं विचारून बघा.

तिसरा खिसा घरातल्या एखाद्या व्यक्तीचा स्वतःचा. काकूंनी आवडलं म्हणून चेक लिहिला, विषय संपला. इथे पूर्वी ८०जीची पावती, म्हणजे देणाऱ्याला करात वजावट मिळवून देणारी पावती, मागायचे. आता नवी करप्रणाली निवडलेल्यांना त्या कलमाची वजावट मिळतच नाही, त्यामुळे काहींचा तो आग्रह सुटलाय. पण जुन्या प्रणालीत असलेले अजून मागतात, आणि रोख दोन हजारांच्या वर दिलं तर वजावट नाही. (नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि कलमांचे आकडे बदललेत. बोलताना मात्र संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीला सगळे अजून '१२अ' आणि देणगीदाराच्या वजावटीला '८०जी'च म्हणतात, मीही तसंच म्हणते.)

आता नोंदणीचं. लांब टिकायचं असेल तर करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवता येतो, किंवा निदान सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था करून तीही तिथेच नोंदवायची. मग १२अ आणि ८०जीसाठी अर्ज. नव्या संस्थेला तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळते, त्याला आधीचं काम दाखवावं लागत नाही. पण एकदा न्यास झाला की दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, हे कायमचं मागे लागतं. चांगल्या चांगल्या मंडळींच्या संस्था बदल अर्ज न दिल्यामुळे कागदोपत्री मयत विश्वस्तांच्या नावावर चालू असतात, आणि फाउंडेशनवाले सगळ्यात आधी तेच तपासतात.

संस्थेची घटना, म्हणजे उद्दिष्टं आणि नियम, लिहिताना तुमच्या कलेपुरती एक खास काळजी. गोंधळ हा कुलाचार आहे, जागरण खंडोबाचं आहे, हे तुम्हीआम्ही जाणतो. पण ८०जी असलेल्या संस्थेला धार्मिक स्वरूपाच्या कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. तेव्हा उद्दिष्टात 'खंडेराय व तुळजाभवानीच्या उपासनेचा प्रसार' असं लिहून ठेवलंत तर पुढे अडकाल. 'जागरण, गोंधळ व संबंधित लोकवाद्ये, आख्याने यांचे शिक्षण, जतन व सादरीकरण' असं लिहा, जे खरंही आहे. यजमानाघरचा विधी तुमचा व्यवसाय आहे. तो संस्थेत आणू नका, त्याची दक्षिणा संस्थेच्या खात्यात घेऊ नका. तसंच 'फक्त आमच्या समाजातील मुलांसाठी' असं घालू नका. एका जातीपुरत्या संस्थेला करसवलतीत अडचण येते. मागासवर्गासाठी अपवाद आहे, पण वर्ग सर्वांना खुला ठेवलात तर तो वादच उरत नाही. विश्वस्त मंडळींनाही तेच बरं वाटतं.

नोंदणीला वेळ लागणार असेल तर तोवर एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली काम करता येतं. गावातली शाळा, वाचनालय, एखादी कलासंस्था, जिच्याकडे १२अ आहे. पैसे त्यांच्या खात्यात येतील, खर्च ते करतील, वर्ग तुम्ही चालवाल. एक पानाचा लेखी करार करा: मानधन किती तारखेला, त्यांचा कारभार-खर्च किती टक्के, वर्गाचं नाव काय, आणि पुढे तुमची नोंदणी झाली की वर्ग तुमच्याकडे येणार. तोंडी ठरवलंत तर दुसऱ्या वर्षी त्यांच्या अहवालात वर्ग त्यांचा झालेला असतो.

कुणाकडे जायचं? मोठी नावं सगळ्यांना माहीत असतात, आणि तिथेच सगळे जातात. टाटांचे ट्रस्ट घ्या. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. कलांना त्यांनी मोठं पाठबळ दिलंय, पण ते संस्थांच्या पातळीवर. तुमच्या रविवारच्या वर्गाला तो आवाका जुळत नाही. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स हे कुठल्या एका घराण्याचं नाही. १९९३ साली सुरू झालं, अनेक देणगीदारांकडून पैसा उभा करून ते कलेतल्या कामांना देतात. व्यक्तीलाही देतात, आणि अर्ज आपल्या भाषेत करता येतो. तुम्हाला आख्यानांचं संकलन करायचं असेल, वडिलांच्या पिढीचं गाणं नोंदवून त्यावर काही काम करायचं असेल तर तिथे जरूर विचारा. नुसता वर्ग चालवायला ते ठिकाण नाही. दिल्लीचं रझा फाउंडेशन चित्रकार सय्यद हैदर रझांनी स्थापलेलं, चित्रकला, कविता, संगीत, नृत्य यांच्या वाटेचं.

तुमचं घर मात्र पुण्यातच सापडायची शक्यता जास्त, आणि ते इंटरनेटवर सापडत नाही. आपल्याकडे कुठल्याही संगीत महोत्सवाची, व्याख्यानमालेची, कीर्तन सप्ताहाची पत्रिका घ्या आणि मागचं पान वाचा. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ', 'तमुक चॅरिटेबल ट्रस्टच्या सहकार्याने'. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात, भारत गायन समाजाच्या कार्यक्रमांत, विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या महोत्सवांत ही नावं पुन्हा पुन्हा दिसतील. वही घालून लिहून काढा. मग त्या नावांपैकी कोण शास्त्रीय संगीताच्या पलीकडे कधी गेलंय ते बघा. खरं सांगायचं तर फार थोडे गेलेत. पुण्यातला कलेचा खाजगी पैसा सवाई गंधर्वच्या वाटेने जातो. लोककलेकडे तो येतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या दारातून: मुलांचं शिक्षण, ग्रामीण भागातली शाळा, दस्तावेजीकरण, कधी एखादं संग्रहालय. तुम्ही त्या दारानेच जा. 'लोककलेला मदत' म्हणून नाही, तर 'सासवडच्या वीस मुलांचा तालवाद्याचा वर्ग' म्हणून.

पहिल्या भेटीत पैसे मागू नका. वर्गाला बोलवा. वर्ग नसेल तर ज्या यजमानाची हरकत नाही अशा एखाद्या कार्यक्रमाला बोलवा. फ्लॅटमध्ये वाढलेल्या विश्वस्तांच्या मुलाने दिवटीच्या उजेडात समोर बसून संबळ ऐकला की तुमच्या दहा पानी प्रस्तावाचं काम होऊन जातं. घराण्यात पिढी बदलत असेल तर तरुण मंडळींशी बोला. म्हातारे विश्वस्त आपल्या ठरलेल्या देणग्या चालू ठेवतात, नवं काही सुरू करायचं तर पुढाकार पोरं घेतात.

अर्जाबद्दल मला सगळ्यात जास्त राग कशाचा असेल तर पहिल्या वाक्याचा. 'आजच्या मोबाईलच्या युगात आपली प्राचीन कला लोप पावत चालली आहे.' दर दुसऱ्या अर्जाची सुरुवात हीच, मग ती तमाशाची असो, तांबट आळीतल्या कामाची की पोवाड्याची. वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, मरत असलेल्या गोष्टीत पैसे घालून काय करू? आणि तुमच्या बाबतीत ते खरंही नाही. लग्नानंतर जागरण-गोंधळ घालणारी घरं हजारोंनी आहेत, तुमच्या सुपाऱ्या चालू आहेत. अडचण वेगळी आहे: स्पीकरवर दोन तासांत उरकायचा कार्यक्रम झालाय, त्यामुळे रात्रभराची आख्यानं येणारी माणसं कमी होत चाललीत. मग तसंच लिहा. असं काहीतरी:

'आमच्या पार्टीत सहा जण आहेत. त्यातल्या दोघांनाच पूर्ण आख्यानं येतात. दर रविवारी सकाळी तीन तास, दहा महिने, शाळेच्या वर्गखोलीत १२ ते १८ वयाच्या वीस मुलामुलींना आम्ही संबळ, दिमडी आणि तुणतुणं शिकवणार. वर्षअखेर प्रत्येक मूल एक वाद्य साथीला वाजवू शकेल आणि चार मुलं एक आख्यान पूर्ण सादर करतील. कार्यक्रम गावात होईल, आपण यावं.'

एवढंच. दोन पानांपेक्षा जास्त नको. मराठीत लिहा. पुण्यातल्या विश्वस्तांना मराठी येतं, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं गुळगुळीत इंग्रजी लगेच ओळखू येतं.

अंदाजपत्रकात लोक मानधन लपवतात, का कोण जाणे. वाद्यं, बॅनर, चहा, फोटो, सगळं असतं, आणि शिकवणाऱ्याच्या नावापुढे 'सेवाभावी'. मी असे अर्ज बाजूला ठेवायची, कारण सुगीत सुपाऱ्या आल्या की सेवाभावी शिक्षक रविवारी येणार नाही हे उघड आहे. नमुन्यादाखल आकडे मांडते, तुमचे तुम्ही बसवा. दोन शिकवणारे, प्रत्येकी महिना ८,००० रुपये, दहा महिने, म्हणजे १,६०,०००. वाद्यं आणि त्यांची दुरुस्ती ४०,०००. ध्वनिमुद्रण ३०,०००. प्रवास २०,०००. हिशेब आणि ऑडिट १५,०००. एकूण २,६५,०००. त्यातले ३५,००० तुम्ही सुपाऱ्यांतून घालणार असं दाखवा आणि २,३०,००० मागा. स्वतःचे थोडे पैसे घातलेत की समोरच्याची नजर बदलते. आणि चैत्रातल्या जत्रा, लग्नसराई, चंपाषष्ठी या दिवसांत वर्ग बंद राहणार हे वेळापत्रकात आधीच लिहा. नंतर कळवलं तर ती सबब वाटते.

पैसे मिळाल्यावर हिशेबाचा खरा त्रास तुम्हाला बिलांचा होईल. संबळ मढवून देणारा पक्कं बिल देत नाही. त्याला शक्यतो यूपीआयने किंवा चेकने पैसे द्या, तारीख, काम, रक्कम लिहून व्हाउचरवर त्याची सही घ्या, पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावा, आणि मढवताना व मढवल्यावरचा फोटो जोडा. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख देऊ नका, संस्थेच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही. चार महिन्यांनी कुणी न मागता एक पान अहवाल पाठवा. मुलं गळाली असतील तर किती आणि का, तेही त्यात लिहा. आमच्या विश्वस्तांनी दुसऱ्या वर्षी ज्यांना पुन्हा दिलं, ते जवळजवळ सगळे असे न मागता कळवणारे होते.

सही करण्याआधी करारात एक कलम शोधा: ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण कुणाच्या मालकीचं. फाउंडेशनांना दस्तावेजीकरण फार प्रिय. त्यातून कधीकधी असं होतं की आख्यान तुमच्या आजोबांचं, आवाज वडिलांचा, आणि चित्रफितीचे सर्व हक्क देणाऱ्याचे. बहुतेकांच्या मनात काही वाईट नसतं, वकिलाने छापील मसुदा दिलेला असतो. 'मूळ हक्क कलावंतांकडे राहतील, फाउंडेशनला आपल्या कामाची माहिती देण्यापुरता वापर करता येईल, विक्री किंवा व्यावसायिक वापरासाठी लेखी परवानगी लागेल' एवढं बदलून मागा. मी बघितलंय, मागितलं की देतात. आणि देवीपुढेच म्हणायचं असं काही तुमच्यात असेल तर ते मुद्रित होणार नाही हे आधीच सांगा.

बॅनरवर नाव लावण्यावरूनही विचारतात. 'यांच्या सहकार्याने' असे आभार मानले तर ती देणगीच राहते. त्यांच्या मालाची जाहिरात करायला लागलात तर ते प्रायोजकत्व होतं आणि जीएसटीचा प्रश्न येतो. आभारांवर थांबा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून घ्यायचा विचार असेल तर पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलं तर चालतं. परदेशी नागरिकत्व घेतलेला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो परदेशी निधी, आणि एफसीआरएची, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना तो घेणं गुन्हा आहे. छत्र देणारी संस्था एफसीआरएवाली असली तरी २०२० पासून तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

सरकारी योजनाही सोडू नका, त्या वेगळ्या रांगेत उभ्या आहेत. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची वरिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना २०,००० आणि कनिष्ठ १०,००० रुपयांची आहे, दोन वर्षांसाठी. १८ ते २५ वयाच्या शिकणाऱ्यांसाठी महिना ५,००० ची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तीत तुमच्या एखाद्या हुशार पोराचा नंबर लागू शकतो. वडिलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ कलावंत मानधन योजना बघा.

शेवटी, तुम्ही म्हणालात की एकाने 'अर्ज लिहून मंजूर करून देतो, मिळतील त्यातले पंधरा टक्के द्या' असं सांगितलंय. देऊ नका. मंजूर करून देणं त्याच्या हातात नसतं, आणि अंदाजपत्रकात ते पंधरा टक्के दाखवायचे कुठे हा प्रश्न तुमच्याच गळ्यात येतो. फाउंडेशनला कळलं तर दार कायमचं बंद. लिहायला मदत हवीच असेल तर ठरावीक रक्कम आधी ठरवून, पावती घेऊन द्या, अनुदान मिळो न मिळो. नाहीतर नातेवाईकांतली कॉलेजात जाणारी एखादी पोरगी बसवा. तुम्ही बोला, ती लिहील. दोन पानं तर आहेत.